यंत्रातील तेल : त्याचा मळ आणि त्याची गाळण

भिक्खूने जवळ बाळगावयाच्या आठ वस्तू, म्हणजे अट्ठपरिक्खार, आपल्या शाळेत शिकलेल्या बहुतेकांना आजही तोंडपाठ असतील. तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरबंद आणि आठवी वस्तू परिस्सावन, म्हणजे पाणी गाळण्याचे वस्त्र. या आठव्या वस्तूविषयी विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक कथा आहे. कोसल देशात दोन भिक्खू वाटेने चालले होते. एकाचे वर्तन नियमाला धरून नव्हते, म्हणून दुसऱ्याने त्याला तसे सांगितले. त्याचा पहिल्याला राग आला. पुढे दुसऱ्याला तहान लागली, त्याने गाळणे मागितले. रागावलेल्याने ते दिले नाही. न गाळलेले पाणी प्यायचे नाही म्हणून तो भिक्खू तहानेने मरण पावला. ही हकीकत कळल्यावर भगवंतांनी नियम घातला की वाटेत कोणी मागितल्यास गाळणे नाकारू नये आणि गाळण्याशिवाय प्रवासाला निघू नये. गाळणे नसेलच तर संघाटीच्या पदराने पाणी गाळावे, अशी मुभाही दिली.

पाण्यातील सूक्ष्म जिवांचा घात होऊ नये, हा या वस्त्राचा हेतू. प्रस्तुत लेखाचा विषय पाणी नसून कारखान्यातील तेल हा आहे. परंतु 'कोणता मळ काढायचा आणि तो कशाने काढायचा' हे दोन प्रश्न दोन्हीकडे सारखेच आहेत. आपल्या शाळेतून बाहेर पडलेले कितीतरी विद्यार्थी अक्कलकोट रोड आणि चिंचोळी औद्योगिक वसाहतींत, यंत्रमागांवर, साखर कारखान्यांत, महावितरणच्या उपकेंद्रांत आणि रेल्वेत काम करतात. त्यांच्या हातून रोज तेल जाते. त्या तेलाविषयी सुसंगत असे मराठीत फारसे वाचावयास मिळत नाही, म्हणून हा प्रयत्न.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'तेल जुने झाले, बदलून टाका' असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात चांगल्या खनिज तेलाचा मूळ द्रव लवकर नष्ट होत नाही, ते मळते. यंत्राच्या झिजेतून लोखंड, पितळ, कथील यांचे कण त्यात मिसळतात. हवेतून धूळ येते, आणि उन्हाळ्यात सोलापूरच्या धुळीविषयी वेगळे सांगावयास नको. वाफेतून, पावसातून, दमट हवेतून पाणी शिरते. तापल्यामुळे आणि हवेतील ऑक्सिजनमुळे तेलात आम्ले व चिकट राळ तयार होते. हे चार प्रकारचे मळ आहेत आणि चारही एकाच गाळणीने निघत नाहीत. कोणता मळ आहे हे न पाहता गाळणी लावणे म्हणजे ताप कशाचा हे न पाहता औषध देणे होय.

घन कणांचे माप मायक्रॉनमध्ये सांगतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा असतो. नुसत्या डोळ्याला साधारण ४० मायक्रॉनपेक्षा लहान कण दिसत नाही. फिरत्या गोळ्यांच्या बेअरिंगमध्ये गोळी आणि कडे यांच्यामधला तेलाचा थर मात्र एक मायक्रॉनहूनही पातळ असू शकतो, आणि हायड्रॉलिक यंत्रातील नाजूक व्हॉल्व्हमध्ये फट काही मायक्रॉनचीच असते. म्हणजे यंत्राला जो कण खातो तो आपल्याला दिसतच नाही. बोटावर तेल घेऊन, बोटे चोळून 'स्वच्छ आहे' असा निर्वाळा देणारे अनुभवी फिटर मी पाहिले आहेत. त्यांच्या अनुभवाविषयी आदर राखूनही म्हणावे लागते की हा निर्वाळा फसवा आहे.

फटीत नेमका बसेल एवढा कण सर्वांत घातक असतो. मोठा कण आत शिरत नाही, फार बारीक कण आरपार निघून जातो. पण फटीएवढा कण दोन्ही पृष्ठभाग ओरखडतो आणि त्या ओरखड्यातून आणखी कण जन्मास येतात. ते कण पुढे तेच काम करतात. म्हणून झीज ही नेहमीच्या हिशेबाने न वाढता चक्रवाढ व्याजासारखी वाढते.

येथे एक स्वानुभव सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका कारखान्यात हायड्रॉलिक प्रेसचे तेल कमी झाले म्हणून मी सीलबंद बॅरल उघडले आणि हातपंपाने तेल थेट टाकीत ओतले. नवे कोरे तेल, त्याला गाळायचे कशाला, असा माझा समज होता. आठवड्याच्या आत व्हॉल्व्ह अडकला आणि प्रेस दोन दिवस बंद राहिला. बॅरलचे तेल नवे असते, पण ते भरण्यात, वाहून नेण्यात आणि बॅरलच्या आतल्या गंजात बरेच कण येतात. तेलाची स्वच्छता आयएसओ ४४०६ या मानकानुसार तीन अंकांनी सांगतात: एक मिलिलिटर तेलात ४, ६ आणि १४ मायक्रॉनहून मोठे कण किती, हे ते तीन अंक दाखवितात. अंक एकाने वाढला की कणांची संख्या दुप्पट होते. अंक १८ म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १३०० ते २५०० कण. बॅरलमधले नवे तेल पुष्कळदा २१/१९/१६ च्या आसपास आढळते आणि यंत्राला १८/१६/१३ हवे असते. फरक तीन अंकांचा वाटतो. प्रत्यक्षात ते तेल आठपट मळके असते. तेव्हापासून नवे तेलसुद्धा गाळल्याशिवाय यंत्रात घालू नये, हे मी शिकलो.

आता पद्धतींकडे वळू. सर्वांत जुनी आणि फुकट पद्धत म्हणजे निवळू देणे. आजी रांजणातले गढूळ पाणी निवळत ठेवीत असे, तेच येथे. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये मांडलेल्या नियमावरून कण किती वेगाने खाली बसेल हे काढता येते. वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो आणि द्रव जितका दाट तितका तो कमी होतो. हिशेब करून पाहणे बोधप्रद आहे. ४६ ग्रेडचे हायड्रॉलिक तेल ४० अंश सेल्सिअसला आहे आणि त्यात वाळूचा ५० मायक्रॉनचा कण आहे. एक मीटर खोल टाकीचा तळ गाठावयास त्याला साडेचार-पाच तास लागतात. कण ५ मायक्रॉनचा असेल तर व्यास दहापट कमी, म्हणून वेळ शंभरपट अधिक: सुमारे एकोणीस दिवस. एवढा काळ तेल मुळीच न हलविता ठेवणे कोणत्या कारखान्याला परवडेल? तरीही निवळण्याला कमी लेखू नये. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपल्यावर यंत्रे महिनोन्महिने थांबतात. त्या काळात तेल उंच, निमुळत्या तळाच्या टाकीत ठेवून तळाच्या तोटीतून पाणी आणि गाळ काढून घेतला तर पुढच्या गाळण्यांचा निम्मा भार हलका होतो. हंगाम सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात घाईघाईने तेल बदलण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

निवळण्याची क्रिया वेगाने व्हावी यासाठी गुरुत्वाकर्षणाऐवजी फिरण्याच्या जोराचा उपयोग करणे, हे पुढचे पाऊल. स्वीडनमधील गुस्ताफ दे लावाल यांनी १८७८ मध्ये दुधातून साय वेगळी करणारे सतत चालणारे यंत्र तयार केले. आपल्याकडील दूध संघांत जे क्रीम सेपरेटर असते, त्याचाच भाऊ म्हणजे तेलाचा सेंट्रिफ्यूज. १२ सेंटिमीटर त्रिज्येचे भांडे मिनिटाला ६००० फेऱ्यांनी फिरविले तर त्याच्या कडेशी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४८०० पट जोर निर्माण होतो. वरच्या हिशेबातील एकोणीस दिवस त्यामुळे पाच-सहा मिनिटांवर येतात. शिवाय भांड्याच्या आत शंकूच्या आकाराच्या पातळ तबकड्या एकमेकींवर अगदी जवळ रचलेल्या असतात, त्यामुळे कणाला मीटरभर न जाता मिलिमीटरच्या आसपासच जावे लागते. म्हणजे काम अर्ध्या सेकंदावर आले! हे गणित नववी-दहावीच्या मुलांकडून वर्गात करून घ्यावे अशी विज्ञान शिक्षकांना माझी विनंती आहे.

सेंट्रिफ्यूजचा विशेष हा की तो कणांबरोबर पाणीही वेगळे करतो. वाफेवर चालणाऱ्या टर्बाइनमध्ये वाफ सीलमधून निसटून तेलात जाते आणि तेथे पाणी होते. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची सहवीजनिर्मिती आहे, दक्षिण सोलापुरात एनटीपीसीचे १३२० मेगावॉटचे केंद्र आहे. अशा ठिकाणी टर्बाइनच्या तेलातील पाणी हा कायमचा शत्रू. दुधाळ दिसू लागलेले तेल हे त्याचे लक्षण. परंतु सेंट्रिफ्यूज मोकळे पाणी काढतो, तेलात विरघळलेले पाणी काढू शकत नाही. ही मर्यादा लक्षात ठेवावी, कारण तिच्यामुळेच पुढची पद्धत आवश्यक ठरते.

त्याआधी गाळण्यांविषयी थोडे. कागदाच्या, काचतंतूंच्या, कापडाच्या, धातूच्या जाळीच्या अशा गाळण्या मिळतात, आणि खरेदी करताना 'दहा मायक्रॉनची द्या' एवढेच सांगितले जाते. हे अपुरे आहे. दहा मायक्रॉनचे कण ती किती टक्के अडविते हे विचारले पाहिजे. हे प्रमाण बीटा या संख्येने सांगतात: गाळणीपूर्वीचे कण भागिले गाळणीनंतरचे कण. बीटा २ असेल तर निम्मेच कण अडतात, ७५ असेल तर ९८.७ टक्के, २०० असेल तर ९९.५ टक्के. दोन्ही गाळण्यांच्या खोक्यावर 'दहा मायक्रॉन' असेच छापलेले असू शकते, किमतीत मात्र मोठे अंतर असते. दुसरी गोष्ट, गाळणी चोंदली की तेल तिला वळसा घालून जावे म्हणून बायपास व्हॉल्व्ह असतो. तो उघडलेला असताना यंत्र सुरळीत चालते आणि तेल मुळीच गाळले जात नाही. दाब दाखविणाऱ्या घड्याळाकडे कोणी पाहत नसेल तर महिनोन्महिने हा प्रकार चालू राहतो. मोठ्या टाकीसाठी मुख्य यंत्रापासून स्वतंत्र असा लहान पंप आणि गाळणी लावून टाकीतले तेल अखंड फिरवीत ठेवतात. शरीरात मूत्रपिंड करते तेच काम. कारखान्यात त्याला किडनी लूप असेच म्हणतात. लोखंडी कणांसाठी चुंबक, अतिसूक्ष्म राळेसाठी विजेच्या भाराने कण ओढून घेणारी यंत्रे, याही सोयी आहेत. त्यांचा तपशील येथे देत नाही.

विरघळलेल्या पाण्याचे उत्तम उदाहरण म्हणजे रोहित्र, ट्रान्सफॉर्मर. त्यातील तेलाची कामे दोन: उष्णता वाहून नेणे आणि वीज आडवाट धरू न देणे. दहा लाख भाग तेलात पन्नासच्या आसपास भाग पाणी सामान्य तापमानाला विरघळून राहू शकते. डोळ्याला तेल स्वच्छ, काचेसारखे दिसते. पण तेवढ्याही पाण्याने, विशेषतः सोबत कापसाचे किंवा कागदाचे तंतू असतील तर, तेलाची वीज रोखण्याची शक्ती झपाट्याने घटते. ती शक्ती मोजण्यासाठी तेलात अडीच मिलिमीटर अंतरावर दोन विद्युदग्रे ठेवून दाब वाढवीत नेतात. ठिणगी पडेल तो आकडा लिहून घेतात. भारतीय मानक ३३५ च्या १९९३ च्या आवृत्तीत नव्या पण न गाळलेल्या तेलासाठी ही मर्यादा किमान ३० किलोव्होल्ट होती आणि तेच तेल गाळून-वाळविल्यावर किमान ६० किलोव्होल्ट. गाळण्याने काय साधते ते या दोन आकड्यांत आहे.

हे पाणी काढण्यासाठी तेल ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवून निर्वात कक्षात पातळ थराने सोडतात. हवेचा दाब एक दशांशावर आणला की पाणी १०० अंशांऐवजी ४६ अंशांनाच उकळते. म्हणजे तेल जाळल्याशिवाय पाणी वाफ होऊन निघून जाते, बरोबर विरघळलेली हवाही जाते. उपकेंद्राबाहेर ट्रॉलीवर ठेवलेले, जाड नळ्यांनी रोहित्राला जोडलेले आणि दिवसरात्र घरघरणारे जे यंत्र आपण पाहतो ते हेच. एकदा तेल वाळविल्यावर काही दिवसांनी आकडा पुन्हा खाली येतो आणि कंत्राटदारावर संशय घेतला जातो. पुष्कळदा तो निर्दोष असतो. रोहित्रातील पाण्याचा मोठा साठा तेलात नसून तारांवर गुंडाळलेल्या कागदात असतो आणि कोरड्या झालेल्या तेलाला कागद हळूहळू आपले पाणी देत राहतो. म्हणून तेल पुन्हापुन्हा फिरवावे लागते. रोहित्राच्या श्वासनळीतील सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ते बदलावेत, हे काम अत्यंत स्वस्त आहे आणि म्हणूनच बहुधा सर्वांत दुर्लक्षित.

राहिली आम्ले आणि राळ. ती गाळून निघत नाहीत, निवळत नाहीत, उकळत नाहीत. त्यांच्यासाठी मुलतानी माती लागते. तिच्या कणांच्या पृष्ठभागावर आम्ले आणि चिकट द्रव्ये चिकटून राहतात. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. लोकरीतील चरबी काढण्यासाठी युरोपातील कापड धुणारे कारागीर हीच माती वापरीत, आणि त्यांच्या धंद्यावरूनच तिला इंग्रजीत नाव पडले. कापडाच्या गावाने हा संबंध लक्षात ठेवावा. रोहित्राचे तेल या मातीच्या थरातून फिरविले की तपकिरी झालेले तेल पुन्हा पिवळसर होते. परंतु इंजिन किंवा हायड्रॉलिक तेलाला हा उपाय करू नये. त्या तेलांत मुद्दाम मिसळलेली झीजरोधक व गंजरोधक द्रव्येही माती शोषून घेते आणि दिसावयास सुंदर पण कामाला निरुपयोगी असे तेल हाती येते.

आतापर्यंत यंत्राचा विचार झाला. आता ते तेल हाताळणाऱ्या माणसाचा. सोलापुरात १८७७ मध्ये कापडगिरणी उभी राहिली, पुढे ती 'जुनी मिल' या नावाने ओळखली गेली, आणि गिरण्यांमुळेच हे शहर वाढले. कापडगिरण्यांच्या इंग्लंडमधील मूळ प्रदेशात, मँचेस्टरच्या परिसरात, चात्यांना घातलेले खनिज तेल उडून कामगारांच्या कपड्यांवर, मांड्या-जांघांवर बसत असे. वर्षानुवर्षे ते कपडे अंगाला घासत. साउथॅम आणि विल्सन या मँचेस्टरच्या डॉक्टरांनी १९२२ मध्ये दाखवून दिले की या सूतकताई कामगारांत त्या भागातील त्वचेचा कर्करोग विलक्षण प्रमाणात आढळतो. मान्य केलेलेच तेल वापरावे आणि कामगारांची नियमित वैद्यकीय तपासणी व्हावी असा कायदेशीर नियम तेथे व्हावयास १९५३ साल उजाडले. मधली एकतीस वर्षे लोक त्याच तेलात काम करीत राहिले. नीट शुद्ध न केलेली खनिज तेले माणसात कर्करोग घडवितात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचे वर्गीकरण आहे. उत्तम शुद्ध केलेली तेले त्या वर्गात येत नाहीत. इंजिनातून निघालेले काळे तेल तर जळण्यातून निर्माण झालेली तशीच घातक द्रव्ये घेऊन येते. म्हणून तेलाने भिजलेले बनियन वेस्ट पँटच्या खिशात ठेवणे, हात रॉकेलने धुणे, तेलकट कपडे घरी आणून लेकरांच्या कपड्यांसोबत भिजविणे, या सवयी मोडल्या पाहिजेत.

आपल्या समाजाच्या संदर्भात यास आणखी एक बाजू आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि तो धागा विटाळतो अशी समजूत होती. बाबासाहेबांनी या अन्यायाला जाहीरपणे वाचा फोडली. चांगल्या पगाराचे आणि कौशल्याचे काम एकाचे, पुसापुशीचे काम दुसऱ्याचे, ही विभागणी आज कागदावर नाही. तथापि तेल बदलणारा मदतनीस आणि तेलाचा अहवाल वाचणारा तंत्रज्ञ यांच्यातील अंतर आजही पगारात आणि मानात दिसते. ते अंतर तीन अंकांचा संकेत, बीटा आणि किलोव्होल्ट समजण्याएवढेच आहे.

शेवटी टाकाऊ तेलाविषयी. कितीही गाळले तरी एक दिवस तेल काढावेच लागते. ते गटारात ओतले तर काय होते? एक लिटर तेल पाण्यावर एक मायक्रॉन जाडीने पसरले तर एक हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे पाणी झाकते. इंद्रधनुष्यी रंगाची जी झाक आपण डबक्यावर पाहतो ती एक तृतीयांश मायक्रॉनचीही असू शकते. त्या हिशेबाने एका लिटरला तीस गुंठे. उजनीच्या पाण्यासाठी नळाची वाट पाहणाऱ्या शहराला हे परवडणारे नाही. धोकादायक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांत वापरलेले तेल स्पष्टपणे नोंदलेले आहे. ते प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्प्रक्रिया केंद्रालाच द्यावे लागते. १ एप्रिल २०२४ पासून तेल उत्पादकांवरही वापरलेले तेल परत मिळवून त्यावर प्रक्रिया होईल हे पाहण्याची जबाबदारी आली आहे. अशा केंद्रांत ते निर्वात ऊर्ध्वपातनाने शुद्ध होऊन पुन्हा मूळ तेल बनते. गंधकाम्ल घालून तेल 'साफ' करण्याची जुनी रीत मात्र टाळावी. तिच्यातून निघणारा आम्लयुक्त काळा चोथा तेलाहून वाईट.

शाळेच्या प्रयोगशाळेत दोन साध्या चाचण्या करता येतील. टिपकागदावर वापरलेल्या तेलाचा एक थेंब टाकून तो रात्रभर ठेवावा. मध्ये गडद काळा, कडा स्पष्ट असलेला ठिपका उरला तर तेलातील काजळी धरून ठेवण्याची शक्ती संपली आहे, आणि वर्तुळ बाहेरपर्यंत हळूहळू फिके होत गेले तर अद्याप शिल्लक आहे. दुसरी चाचणी पाण्याची: १५० अंशांच्या आसपास तापलेल्या लोखंडी पट्टीवर एक थेंब टाकावा. तडतडले तर पाणी आहे. नुसतेच शांतपणे पसरून धुरावले तर मोकळे पाणी नाही. डोळ्यांवर चष्मा असावा, शिक्षक शेजारी असावेत आणि उरलेले तेल, टिपकागद, चिंध्या हे सर्व बेसिनमध्ये किंवा कचरापेटीत न टाकता झाकणाच्या डब्यात साठवावे. तो डबा भरला की परवानाधारक संकलकाकडे द्यावा आणि त्याची पावती घेऊन ठेवावी.